कोतवालाचा दहावा आणि बारसं

आमच्या घरी कोतवालाचा दहावा आधी झाला आणि बारसं मागाहून. तुमच्याकडे क्रम वेगळा असेल. ज्याची त्याची रीत.

कोतवाल म्हणजे आमचा कुत्रा. काशीचे खरे कोतवाल काळभैरव, आणि कुत्रा त्यांचं वाहन. म्हणून माझ्या सासूबाईंनी गल्लीतल्या एका काळ्याकुट्ट पिलाला हे नाव दिलं, आणि त्या दिवसापासून आपण सरकारी नोकरीत आहोत असंच त्याला वाटायला लागलं! दुर्गाघाटाच्या गल्लीत आमच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, आणि खाली एक अंधारा जिना. त्या जिन्याच्या तळाशी त्याची कचेरी. हे भिक्षुकी करतात, त्यामुळे नागपूर-पुण्याकडचे यजमान येत-जात असतात. कोतवाल प्रत्येकाला हुंगून वर सोडायचा आणि जाताना कुणाची तरी एक चप्पल ठेवून घ्यायचा. एकच! जोडी त्यानं जन्मात नेली नाही. “जोडी नेली तर चोरी होते,” हे यजमानांना समजावायचे, “एक नेली तर जकात.” (यजमान हसायचे, पण लंगडत जायचे.)

आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, एक नेम होता. दुपारी पानं वाढली की गाईचा घास, कावळ्याचा घास आणि कुत्र्याचा घास बाजूला काढायचा. गाय आणि कावळा आपापल्या सवडीनं खावोत, पण कोतवालानं जिन्यात येऊन वाटी चाटूनपुसून लख्ख केल्याशिवाय आई स्वतःच्या तोंडात शीत घालत नसत. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कोतवाल आला की त्या त्याच्या पाठीवरून हात फिरवायच्या आणि त्याच्याशी बोलायच्या. आमच्याशी बोलत त्यापेक्षा जास्तच.

त्या वर्षी थंडीच्या सुरुवातीलाच आई तापानं अंथरुणाला खिळल्या. ताप उतरला, पण अंगात काही राहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, “आता औषध एकच. जेवतील तर राहतील.” म्हणजे साखळी अशी झाली, की कोतवाल जेवला तर आई जेवणार, आणि आई जेवल्या तर राहणार. आमचं सगळं घर एका कुत्र्याच्या भुकेवर उभं होतं.

आणि अशा वेळी मला त्याला स्वेटर विणायची बुद्धी झाली!

मला चारचौघांत बोलता येत नाही. कुणी नुसतं “कशा आहात?” विचारलं तरी मी पदराशी चाळा करत बसते. म्हणून शेजारच्या मिश्राइन चाचींनी मला विणायला शिकवलं, म्हणजे निदान हातांना तरी काही काम. बनारसच्या थंडीत घाटावरच्या बकऱ्यासुद्धा स्वेटर घालून हिंडतात, मग आमच्या कोतवालानं काय पाप केलं होतं? मी ह्यांचा जुना मरून स्वेटर उसवला आणि त्याचा विणला. फक्त पुढच्या दोन पायांना मिळून एकच बाही झाली. (माप घेताना तो हलला.) तो घालून कोतवाल नव्या नवरीसारखा बारीक बारीक पावलं टाकत चालायचा, आणि माझ्याकडे असा बघायचा की मला स्वयंपाकघरात जाऊन बसावं लागायचं.

“अगं, तो कुत्रा आहे की पार्सल?” हे म्हणाले.

“ऊब तर मिळतेय ना,” मी म्हटलं.

मग कोहरा पडला, इकडचं दाट धुकं. काशीतला कोहरा ज्यानं पाहिला नाही त्याला काय सांगावं? सकाळ होते, पण नुसती नावाला. दार उघडलं की समोर गल्ली नाही, एक ओली पांढरी भिंत. माणूस दिसायच्या आधी त्याचा खोकला येतो. घाटाच्या पायऱ्या उतरताना शेवटची पायरी कुठली आणि गंगा कुठली ते पायालाच कळतं. त्या दिवसांत एका सकाळी कोतवाल कचेरीत नव्हता. मी हाका मारत ब्रह्माघाटापर्यंत गेले. (हाका म्हणजे काय, मलाच ऐकू येतील अशा.) पाण्याजवळच्या पायरीवर एक काळं गाठोडं पडलेलं दिसलं. जवळ गेले. गाठोड्याला शेपूट होती. आणि अंगावर मरून स्वेटर, एका बाहीचा.

मी तिथेच बसले. हे धावत आले. बच्चू नावाडी नाव बांधत होता, तोही आला.

“तोच आहे का नीट बघ,” हे म्हणाले. “तोंड बघ.”

“माझी वीण मला कळत नाही?” मी रडत म्हटलं, आणि पदर डोळ्यांवर ओढून घेतला. ह्यांनी हजारो माणसांना शेवटचं पाणी पाजलंय, पण त्या तोंडाकडे बघायचा धीर त्यांनाही झाला नाही. बच्चू म्हणाला, “उस पार बालू में सुला देंगे, भाभीजी.” त्यानं ते गाठोडं उचलून नावेत ठेवलं. नाव हलली आणि दोन वल्ह्यांत कोहऱ्यानं तिला पुसून टाकलं. नुसता पाण्याचा आवाज येत राहिला, चप्, चप्, चप्. जसं कुणी वाटी चाटतंय.

“आईला सांगायचं नाही,” परत येताना हे म्हणाले.

“मग घास?”

“घास ठेव. थोड्या वेळानं वाटी रिकामी करून आण. म्हणावं, खाल्लं त्यानं.”

सोपं होतं. दुपारी मी दहीभाताची वाटी जिन्यात ठेवली, आईंना धरून वरच्या पायरीवर बसवलं आणि पोळी तव्यावर आहे म्हणून आत पळाले. खोटं बोलताना माझे कान लाल होतात. मोतीबिंदूतूनही दिसतील इतके. मनात म्हटलं, पोळी होताच जाऊन वाटी उचलते.

पोळी उलटायच्या आतच आईंची हाक आली. “ए, मला वाढ गं! जेवला तो!”

माझ्या हातातून उलथनं पडलं. बाहेर आले. वाटी चाटूनपुसून लख्ख. काठाला लाळ. जिन्यात ओल्या कुत्र्याचा वास.

“कोण जेवला, आई?”

“कोण म्हणजे? कोतवाल! आणि काय गार पडलंय अंग त्याचं. बर्फासारखं! स्वेटर कुठं टाकून आला कुणास ठाऊक. उघडाच आहे बिचारा.”

स्वेटर तर पलीकडच्या तीरावर वाळूखाली होता! मी आईंना वाढलं. त्या पोटभर जेवल्या. मला मात्र एक शीत गिळवेना.

हे घरी आल्यावर मी सांगितलं. हे हसले. “दुसरं एखादं कुत्रं आलं असेल.” मी म्हटलं, आई पाठीवरून हात फिरवून ओळखतात. “आईला तापापासून भास होतात,” हे म्हणाले, पण जेवताना त्यांनी दोनदा जिन्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी दाराआड उभी राहिले. बाहेर भर दुपारी दिवेलागणीसारखा उजेड. आधी काही नाही. मग खालून नखांचा आवाज. टिक्, टिक्, टिक्. थांबला. पुन्हा टिक्, टिक्. मग आईंचं बोलणं, “आलास? ये. सावकाश खा. कुठं राहतोस रे आताशा? पल्याड?” मी सगळे देव आठवले आणि दार ढकललं. दार करकरलं मात्र, जिन्यावरून काहीतरी सरसरत खाली गेलं. मला दिसलं फक्त शेपटीचं टोक, आणि तेही कोहऱ्यात विरघळताना.

“पळाला बघ,” आई म्हणाल्या. “तुला बघितलं की पळतो. काय केलंयस गं त्याला?”

काय केलं होतं? मी त्याचं तोंडसुद्धा न बघता त्याला पाठवलं होतं! मी खाली गेले. फरसबंदीवर ओली पावलं उमटली होती, चार बोटं आणि मध्ये गादी. गल्लीतून घाटाकडे, घाटावरून पायऱ्या उतरत पाण्यापर्यंत. पुढं गंगा. परत येणारं पाऊल एकही नाही. आणि मी तिथं उभी असताना पाण्यावरून, दूर कुठून तरी, एकदाच भुंकणं ऐकू आलं.

मी घरी कशी आले ते मला आठवत नाही. मिश्राइन चाची सांगतात की मी त्यांच्याच घरात शिरले आणि त्यांच्याच चुलीसमोर बसून ह्यांना वाढायला पाट मांडला.

असं रोज होत राहिलं. आता ह्यांचं हसणं थांबलं. त्यांनी पंचांग काढलं, मिटलं, पुन्हा काढलं. शेवटी हळूच म्हणाले, “जीव अडकलाय.”

“कुत्र्याचा?”

“हळू बोल! लोकांनी ऐकलं तर उद्या मला कोण बोलावेल? दहावा करून टाकू. पिंड ठेवू. कावळा शिवला की सुटला तो.”

“आणि सुटला म्हणजे येणं बंद झालं तर? आई कशा जेवतील?”

आई दोन्ही वेळा जेवत होत्या, गालांवर थोडं तेज आलं होतं, आणि ते सगळं एका मेलेल्या कुत्र्याच्या येण्यावर! पण त्यालाही असं मधेच लटकत ठेवायचं का? थंडीत, स्वेटरशिवाय?

ठरलं. आमच्या घाटावर सगळे ओळखीचे, म्हणून आम्ही चोरासारखे राजाघाटापर्यंत गेलो. तिथं एका कोपऱ्यात, कोहऱ्याच्या आडोशाला, ह्यांनी अगदी तोंडातल्या तोंडात सगळं केलं. गोत्र उच्चारायच्या जागी नुसते खोकले. भाताचा पिंड ठेवला, वर दह्याचा ठिपका, आणि आम्ही मागं सरून उभे राहिलो.

कावळा येईना. येणार कसा? त्या धुक्यात त्याला स्वतःचे पंख दिसत नसतील! दूर कुठं तरी पेटलेल्या अलावाची, शेकोटीची, तांबूस धग तेवढी दिसत होती. बाकी आकाश, नदी, घाट सगळं एकच. असं वाटायला लागलं की आपणही मेलोय, फक्त अजून कुणी सांगितलेलं नाही.

कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची इच्छा राहिलीय. मग घरच्यांनी ती ओळखून बोलून दाखवायची असते. ह्यांनी हात जोडले. “कोतवालजी, आईची काळजी करू नका. आम्ही आहोत.”

काही नाही.

“तुमची पायरी कुणाला देणार नाही.”

काही नाही.

“यजमानांच्या चपला... बरं, जे मागाल ते!” मग हे माझ्याकडे वळले. “दर्भाचा कावळा करून भागवता येईल, पण आधी तू बोल. तुझ्यापाशीच काहीतरी अडकलंय. तुला बघून पळतो ना तो?”

मला जिवंत माणसांशी बोलता येत नाही, तिथं मेलेल्या कुत्र्याशी काय बोलणार? पण डोळे मिटले आणि जे आत होतं ते एकदम बाहेर आलं. “कोतवाला, चुकलं रे बाबा! मी तुला परत कधी स्वेटर घालणार नाही!”

टिक्, टिक्, टिक्.

मी डोळे उघडले. कोहऱ्यातून आधी दोन पिवळे डोळे आले. मग नाक. मग अख्खा कोतवाल आला, काळाकुट्ट, ओला, अंगावर एक धागा नाही. तो शांतपणे पिंडापाशी आला, हुंगला, आणि स्वतःचा पिंड स्वतः खाऊन टाकला. दह्यासकट!

ह्यांच्या तोंडून मंत्र निघाला, पण घाबरून लग्नातला निघाला. “सावधान! सावधान!” असं ओरडत ते मागे सरले आणि मागे गंगा होती, तीत बसले. मी किंचाळले. आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज चार घाटांना ऐकू गेला. अलावाजवळचे चहावाले, नावाडी सगळे धावत आले.

“अरे पंडितजी, डरिए मत,” एक चहावाला म्हणाला. “ई तो हमरे इहाँ का है. रोज आग तापता है. बस दोपहर में पानी के किनारे-किनारे कहीं खाने जाता है.”

कोतवाल ह्यांच्याजवळ गेला आणि पाण्यात बसल्या बसल्या त्यांचं तोंड चाटायला लागला. तो उबदार होता. जिवंत होता. मी त्याच्या गळ्यात पडून इतकी रडले की शेवटी तोच कंटाळून बाजूला झाला.

मग पुरला तो कोण? ते मिश्राइन चाचींनी सांगितलं. कोतवालानं स्वेटर त्यांच्या दाराच्या कोयंड्याला घासघासून काढला होता आणि तो तसाच राजाघाटाकडे पळाला होता. “घाट पर एक बूढ़ा काला कुत्ता काँप रहा था, दुलहिन. हमने सोचा, उसी को पहना दें.” त्या म्हाताऱ्याला तो स्वेटर बरोबर बसला होता म्हणे. मी विणलेलं जगात एकालाच बरोबर बसलं, आणि त्याचं तोंडही मी पाहिलं नाही. ह्यांनी पलीकडच्या तीराकडे हात जोडले. मग म्हणाले, “दहावा त्याला पोचला असेल. नाव चुकलं म्हणून काय झालं.”

पण शास्त्र इथं थांबत नाही! ज्याचे दिवस घातले तो जिवंत परत आला, तर तो नव्यानं जन्मला असं धरून बारशापासून सगळं पुन्हा करावं लागतं. “हे माणसांसाठी ना?” मी विचारलं. “पिंडही माणसांसाठीच होता,” हे म्हणाले. “आता मधेच मागे कसं फिरायचं?” पाळणा आणायला मी चाचींकडे गेले. मला नीट सांगता आलं तर ना! मी म्हटलं, “चाची, पालना चाहिए. घर में बारसा है,” आणि लाजून खाली बघितलं.

चाचींच्या हातातून ताट पडलं. “अरे दुलहिन! इस उमर में?”

मी खुलासा जुळवेपर्यंत गल्लीत पेढे वाटायची भाषा सुरू झाली होती. पन्नाशी उलटलेली मी! नागपूरहून लेकीचा फोन आला. “आई, हे काय ऐकतेय मी?” मी फोन ह्यांच्या हातात दिला. हे म्हणाले, “हो, खरंय. काळा आहे आणि चार पाय आहेत,” आणि तिकडे लेक रडायला लागली.

पाळण्यात कोतवालाचं पुढचं अर्धं मावलं. मागचं आई धरून बसल्या. आम्ही सगळं कबूल केलं तेव्हा त्या तापानंतर पहिल्यांदाच खदखदून हसल्या. “मी रोज सांगत होते, आला, जेवला. आंधळी मी, आणि दिसत तुम्हाला नव्हतं!” त्यांनी त्याच्या कानात नाव सांगितलं. तेच, कोतवाल.

हा त्याचा दुसरा जन्म मात्र फार पुरला नाही. पुढच्या थंडीत, कोहरा पडायच्याही आधी, तो कचेरीत झोपला तो उठलाच नाही. या वेळी मी पदर ओढला नाही. तोंड बघितलं, कान बघितले, चारही पंजे हातात घेतले. तोच होता. आईंनी पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “हो. हा तोच.” दुपारी त्यांनी घास काढला, वाटी बराच वेळ धरून बसल्या, आणि मग कुणी न सांगता स्वतः जेवल्या. “तो बघतोय,” म्हणाल्या. “उपाशी राहिले तर ओरडेल.”

दहावा करायचा नाही असं ह्यांनी ठरवलं. “एकदा झालाय त्याचा.” पण दहाव्या दिवशी मी कुणाला न सांगता भाताचा गोळा पदराआड घेतला आणि एकटी राजाघाटावर गेले. मागच्या वेळी असाच तर आला होता! गोळा ठेवला, दह्याचा ठिपका दिला, मागं सरले, आणि कान लावून नखांची वाट बघायला लागले.

ऊन लख्ख पडलं होतं. मी हात मागे घेते न घेते तोच कावळा आला. सरळ पिंडापाशी! म्हणजे काही राहिलं नव्हतं त्याचं. काहीसुद्धा नाही. पायातली चप्पल काढून मी कावळ्याला मारली. “हो तिकडं! तुला कुणी बोलावलंय?” घाटावरची माणसं वळून बघायला लागली. अख्ख्या काशीत कावळ्याला ये ये म्हणून हात जोडतात. जा म्हणून चप्पल मारणारी मी एकटीच. नेमही चुकला. कावळा पिंडावर, चप्पल गंगेत.

एक पाय अनवाणी घेऊन घरी आले. “दुसरी कुठंय?” ह्यांनी विचारलं. आतून आईंचा आवाज आला, “नेली असेल त्यानं. मेल्याला एकच न्यायची सवय.”

तेव्हापासून उरलेली चप्पल मी जिन्याच्या तळाशी, त्याच्या जागेवर ठेवलीय. कोहरा पडला की दुपारी दार किलकिलं करून बघते. कधी कधी आवाज येतो, टिक्, टिक्. पण चप्पल आहे तिथंच असते. हे म्हणतात, “तो येत असेल गं. पण तुझ्या त्या स्वेटरनंतर, तू ठेवलेल्या कुठल्याही गोष्टीत पाय घालायचा धीर त्याला अजून होत नसेल.”